वाचक विचारतात : एका दिवसात विजापूर

सहामाही परीक्षा संपत आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो आणि जवळपासच्या एकदिवसीय सहलींची चौकशी सुरू होते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी विजापूरविषयी आहेत. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले असून एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही सोलापुरात राहतो. दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीने जाऊन एका दिवसात विजापूर पाहून यावे, असा विचार आहे. सोबत आठ आणि तेरा वर्षांची मुले आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई असतील. त्यांचे गुडघे दुखतात. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये वीस-बावीस ठिकाणे दिलेली आहेत. त्यांतली किती पाहून होतील आणि कोणत्या क्रमाने पाहावीत?
— एक वाचिका, सोलापूर

उत्तर : सहा. सातवे ठिकाण गाडीच्या खिडकीतून पाहिले तरी चालेल, पण यादी पुरी करण्याच्या नादात मुलांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडीत चढवत-उतरवत राहिलात, तर रात्री त्यांना फक्त चपला काढण्या-घालण्याचीच आठवण उरेल.

क्रमाचे म्हणाल तर शहरानेच तो ठरवून ठेवलेला आहे. जुन्या विजापूरभोवती सुमारे १० किलोमीटर परिघाचा तट आहे. गोल घुमट या तटाच्या आत पूर्वेच्या टोकाला आणि इब्राहिम रोजा तटाबाहेर पश्चिमेला आहे. जामा मशीद, गगन महाल, बारा कमान आणि मलिक-ए-मैदान तोफ ही सगळी या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात येतात. त्यामुळे सकाळी पूर्वेकडून सुरुवात करून उन्हाबरोबर पश्चिमेकडे सरकत गेले की एकही फेरा उलटा पडत नाही. सोलापूरहून विजापूर सुमारे १०० किलोमीटर आहे. पहाटे साडेपाचला निघालात, तर वाटेत भीमेच्या पुलाच्या आसपास उजाडेल आणि चहासाठी थांबूनही आठच्या आत तुम्ही गोल घुमटाच्या फाटकाशी असाल. ही वेळ मी मुद्दाम सांगतो आहे, आणि तिचे कारण पुढच्या उत्तरात येईल.

गोल घुमटाच्या वरच्या सज्ज्यापर्यंत जाण्यासाठी इमारतीच्या चार कोपऱ्यांना असलेल्या सात मजली अष्टकोनी मनोऱ्यांतून जिने आहेत. जिना अरुंद आहे आणि पायऱ्या उंच आहेत. वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर आले, तर एकाला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. सासूबाईंनी तो चढू नये. त्यासाठी त्यांना वाईट वाटून घेण्याचे कारण नाही, कारण या इमारतीचा खरा आवाका खालूनच कळतो. आतले दालन चौरस असून त्याची एक बाजू सुमारे ४१ मीटर आहे आणि मध्ये एकही खांब नाही. दालनाच्या मधोमध चौथऱ्यावर विजापूरचा सुलतान मुहंमद आदिलशाह, त्याच्या राण्या, नर्तकी रंभा आणि आप्त यांच्या कबरींच्या प्रतिकृती आहेत. मूळ कबरी त्याखालच्या तळघरात आहेत. भिंतीलगत बसून राहिलेल्या माणसाला वरच्या सज्ज्यातील मुलांची बडबड वरून पावसासारखी ऐकू येते. तुमची मंडळी खाली उतरेपर्यंत दहा वाजतील आणि समोरच्या नगारखान्यातले पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय उघडलेले असेल. ते सगळ्यांनी मिळून पाहावे, मात्र पाऊण तासाच्या वर तेथे रेंगाळू नये.

त्यानंतर जामा मशीद. पहिल्या अली आदिलशाहाच्या काळात, तालिकोटच्या १५६५ च्या लढाईनंतरच्या वैभवात तिचे काम सुरू झाले. आत गेल्यावर मुलांना आधी वर नव्हे, खाली पाहायला सांगा. नमाज पढणाऱ्या प्रत्येकासाठी फरशीवर आसनाएवढी चौकट आखलेली आहे आणि अशा २,२५० चौकटी आहेत. १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने त्या आखवल्या, असे सांगतात. आठ वर्षांच्या मुलाला एका रांगेतल्या चौकटी मोजायला लावून रांगांच्या संख्येने गुणायला सांगितले, तर तो अर्धा तास कोणाला त्रास देणार नाही आणि मशिदीची भव्यता त्याला स्वतःच्या हिशेबाने कळेल.

दुपारचे ऊन टाळण्यासाठी जेवण लांबवावे. भाकरी, शेंगाचटणी आणि भरली वांगी देणाऱ्या खानावळी शहरात आहेत. सासूबाईंना जमिनीवर बसणे जड जाणार असेल, तर टेबल-खुर्च्या आहेत का, एवढे आधी पाहून घ्यावे. गगन महाल आणि बारा कमान या दोन्ही जागा शहराच्या मध्यभागी आणि एकमेकींपासून जवळ आहेत. १५६१ मध्ये बांधलेल्या गगन महालाची मधली कमान इतकी रुंद आहे की ती अजून उभी कशी, असा प्रश्न पडतो. बारा कमान म्हणजे दुसऱ्या अली आदिलशाहाची अर्धवट राहिलेली कबर. तो १६७२ मध्ये वारला आणि काळ्या दगडाच्या त्या कमानींवर छत चढलेच नाही. कोवळ्या मुलांना पूर्ण इमारतीपेक्षा ही अपुरी इमारत जास्त आवडते, असा माझा अनुभव आहे, कारण पुढे काय झाले असते ते त्यांना मनाने रचता येते.

चारच्या सुमारास तोफ आणि शेवटी इब्राहिम रोजा. येथे घाई करू नका. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या अखेरच्या वर्षांत ही वास्तू उभी राहिली. राणी ताज सुलतानासाठी ती हाती घेतली होती, पण आता तेथे स्वतः सुलतान आणि त्याचे कुटुंब विसावले आहे. मलिक संदल या स्थपतीचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. एकाच उंच जोत्यावर एकीकडे कबर, समोर मशीद आणि मध्ये हौद, अशी रचना आहे. गोल घुमटाकडे लांबून पाहावे आणि इब्राहिम रोजाकडे वीतभर अंतरावरून, असे मी नेहमी सांगतो. कबरीच्या खिडक्यांना जाळ्या आहेत. त्या जाळ्या वेलबुट्टीच्या नसून अरबी अक्षरांच्या आहेत, म्हणजे दगड कोरून अक्षरे तेवढी ठेवली आणि मधली जागा पोकळ सोडली. तुम्ही बाहेर उभे राहिलात, तर काळ्या पोकळीवर दगडी अक्षरे दिसतात. आत गेलात, तर त्याच अक्षरांच्या फटींतून उजेड झिरपताना दिसतो. उतरत्या उन्हात हा फरक सासूबाईंनाही बसल्या जागेवरून पाहता येईल.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही दुपारी बाराला गोल घुमटावर चढलो. व्हिस्परिंग गॅलरीत, म्हणजे घुमटाच्या आतल्या गोल सज्ज्यात, कुजबुज तर सोडाच, शेजारी उभ्या असलेल्या बायकोचे बोलणेही ऐकू आले नाही. शेकडो मुले शिट्ट्या मारत होती. जिचा एवढा गवगवा आहे, ती गोष्ट खरी आहे की गाइड लोकांनी फुगवलेली?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गोष्ट खरी आहे, पण तुम्ही जे अनुभवले तेही याच गोष्टीचा परिणाम आहे. जी भिंत एक कुजबुज पलीकडे पोहोचवते, तीच शंभर शिट्ट्याही तितक्याच इमानाने पोहोचवते.

घुमट आतून सुमारे ३८ मीटर व्यासाचा आहे. सज्ज्यात भिंतीकडे तोंड करून हळू बोलले की आवाज मोकळ्या पोकळीत पसरून विरण्याऐवजी अंतर्वक्र भिंतीला लगटून, थोड्या थोड्या अंतरावर परावर्तित होत पुढे सरकतो आणि अर्धा वेढा पुरा करून समोरच्या टोकाला पोहोचतो. हा अर्धा वेढा सुमारे ६० मीटरचा होतो आणि आवाजाला तो कापायला साधारण सेकंदाचा सहावा भाग लागतो. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या घुमटातही असेच घडते आणि त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी दिले. प्रतिध्वनीची गोष्ट थोडी वेगळी आहे. टाळीचा आवाज समोरच्या भिंतीवर आदळून परत येतो, म्हणजे सुमारे ७६ मीटर जातो, आणि त्याला सेकंदाच्या पाचव्या भागाहून थोडा अधिक वेळ लागतो. दोन आवाजांत साधारण एक दशांश सेकंदाचे अंतर असले की कानाला ते वेगळे कळतात, म्हणून येथे एकाच टाळीचे अनेक टाळ्यांमध्ये रूपांतर होते. सात, दहा, बारा असे वेगवेगळे आकडे सांगितले जातात. ते ऐकणाऱ्याच्या कानावर आणि भोवतालच्या शांततेवर अवलंबून आहेत, तेव्हा त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

सकाळी आठच्या आत पोहोचा, असे पहिल्या उत्तरात म्हटले ते यासाठीच. शाळांच्या बसगाड्या येण्यापूर्वीचा तासभरच या वास्तूचा आहे. एकदा हिवाळ्यातल्या सकाळी आम्ही चौघेच वर होतो. माझ्या भाचीला मी समोरच्या टोकाला भिंतीला कान लावून उभे केले आणि इकडे खिशातले बसचे तिकीट हळूच फाडले. तिने तिकडून तोंडावर हात ठेवून विचारले, “मामा, काय फाडलंस?” हा प्रश्न ती माझ्या खांद्यामागे उभी राहून विचारते आहे, असेच मला वाटले. तुम्ही पुन्हा गेलात तर ओरडू नका, टाळीही वाजवू नका. कागद घेऊन जा.

या घुमटाखाली खांब का नाही, असे याच पत्रात आणखी एका ओळीत विचारले आहे. चौरस दालनावर गोल घुमट थेट ठेवता येत नाही, कारण कोपरे उघडे पडतात. विजापूरच्या कारागिरांनी चारही भिंतींतून एकमेकींना छेदणाऱ्या आठ मोठ्या कमानी उभारल्या. त्यांचा आराखडा कागदावर काढला, तर एकावर एक तिरपे ठेवलेले दोन चौरस दिसतात. या कमानींमुळे चौरसाचा आधी अष्टकोन आणि मग वर्तुळ होत जाते. शिवाय कमानींमधला दगडी भार आतल्या बाजूला झुकलेला असल्याने घुमट बाहेर रेटतो तो जोर बराचसा तोलला जातो. सज्ज्यासाठी एवढी ऐसपैस जागा मिळाली तीही या झुकावामुळेच.

प्रश्न : मी निवृत्त इतिहास शिक्षक आहे. अफझलखान जेथून निघाला, त्या शहराच्या इमारती कौतुकाने दाखवायला नातवंडांना नेणे माझ्या मनाला पटत नाही. सून मात्र म्हणते की मुलांनी हे पाहिले पाहिजे. आपले मत काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : माझे मत सूनबाईंच्या बाजूने आहे, पण तुमच्या अस्वस्थतेचाही मी आदर करतो. माझ्या मते ती अस्वस्थता सोबत घेऊनच जावे. १६५९ मध्ये दुसऱ्या अली आदिलशाहाच्या कारकिर्दीत अफझलखान महाराजांवर चालून आला आणि १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला. आपण प्रतापगड पाहतो, पण ज्या दरबाराने ती मोहीम काढली, त्याचे बळ किती होते ते तेथून दिसत नाही. गोल घुमट १६५६ मध्ये, म्हणजे त्या भेटीच्या फक्त तीन वर्षे आधी पुरा झाला. एवढी इमारत उभी करू शकणारी सत्ता समोर असताना एका तरुण जहागीरदाराने तिला आव्हान दिले, हे नातवंडांना सांगण्यासाठी त्या घुमटाच्या सावलीइतकी योग्य जागा दुसरी नाही.

दुसरी बाजूही आहे आणि शिक्षक म्हणून ती तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. १६३६ नंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत होते आणि बंगळूरची जहागीर त्यांना याच दरबाराकडून मिळाली. जावळीचे मोरे, मुधोळचे घोरपडे, जतचे डफळे ही घराणी याच दरबाराशी बांधलेली होती. पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने महसुलाचे दप्तर फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला सुरुवात केली आणि आपल्या मुलखात ती भाषा मराठी होती. दुसरा इब्राहिम तर संगीतवेडा होता. दखनी भाषेतल्या आपल्या गीतांमध्ये त्याने सरस्वतीची स्तुती केली. हे सगळे सांगितल्याने अफझलखानाची मोहीम सौम्य होत नाही, आणि अफझलखानाचे नाव घेतल्याने इब्राहिम रोजाची जाळी कुरूप होत नाही. बारा वर्षांच्या मुलाला दोन गोष्टी एकदम मनात ठेवता येतात. ते जमत नाही ते बहुधा आपल्याला.

नातवंडांत मुलगी असेल, तर चांदबिबीची गोष्टही याच शहरातून सुरू करा. अहमदनगरची ही राजकन्या पहिल्या अली आदिलशाहाची राणी होती आणि त्याच्या मृत्यूनंतर, १५८० पासून, अल्पवयीन इब्राहिमच्या वतीने काही काळ तिने विजापूरचा कारभार पाहिला. मोगलांविरुद्ध अहमदनगर लढवले ते त्यानंतर.

प्रश्न : तेथल्या गाइडने सांगितलेल्या तीन गोष्टींची खातरजमा करायची आहे : गोल घुमट जगात दुसऱ्या क्रमांकाचा आहे, मलिक-ए-मैदान तोफ दीडशे रुपयांना विकली गेली होती आणि तोफ डागणारा गोलंदाज लगेच पाण्यात उडी मारत असे.
— एक वाचिका, सांगली

उत्तर : पहिली गोष्ट जपून घ्यावी. घुमटाचा ४४ मीटर हा आकडा बाहेरच्या व्यासाचा आहे. त्यातून दोन्ही बाजूंची सुमारे तीन-तीन मीटर जाडी वजा केली की आतला ३८ मीटरचा व्यास उरतो. रोमचे पँथिऑन आतून ४३ मीटरचे आणि सेंट पीटर बॅसिलिका ४१ मीटरच्या पुढे आहे, त्यामुळे आतून आतून तुलना केली तर जुन्या घुमटांतही दुसरा क्रमांक टिकत नाही, आणि आधुनिक काँक्रीट-पोलादाचे घुमट तर कितीतरी मोठे आहेत. माझ्या दृष्टीने हा क्रमांकाचा सोसच अनावश्यक आहे.

दुसरी गोष्ट खरी मानली जाते. १८५४ मध्ये इंग्रजी अमलात ही तोफ लिलावात १५० रुपयांना गेली आणि नंतर तो व्यवहार रद्द झाला. सुमारे ५५ टनांची ती तोफ घेणाऱ्याने नेली कशी असती, हा प्रश्न मला आजही पडतो. ती १५४९ मध्ये मुहंमद बिन हुसेन रूमी या ओतकाराने अहमदनगरात ओतली. निजामशाहीची ही तोफ पुढे विजापूरला आली आणि शेरझा बुरुजावर बसली. तिची लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास आहे, पण लांबी सोडा, तोंडाजवळ जाऊन पाहा. तोफेचे मुख सिंहाच्या जबड्यासारखे घडवलेले आहे आणि त्या जबड्यात, दातांच्या आत, चिरडला जाणारा हत्ती आहे. हत्ती एवढा लहान आहे की पाच पावलांवरून तो नुसता उंचवटा वाटतो. भर उन्हातही या धातूला हात लावल्यास तो गार लागतो, असे सांगतात. डिसेंबरात मला तो गार लागला, पण डिसेंबरात सगळेच गार लागते.

गोलंदाजाच्या उडीला मला दंतकथेपलीकडे आधार दिसत नाही. मात्र तोफ उडाली की कानठळ्या बसत, हे सांगण्याची ती लोकांची रीत आहे, आणि मुलांना ती गोष्ट आवडतेच. दंतकथा म्हणून सांगा आणि पुढे चला.

प्रश्न : वार, कपडे, तिकीट, भाषा आणि परतीची वेळ यांविषयी थोडक्यात सांगावे.
— अनेक वाचक

उत्तर : शुक्रवार टाळावा. गोल घुमटाचे संग्रहालय त्या दिवशी बंद असते आणि दुपारच्या नमाजाच्या वेळी जामा मशिदीत पर्यटक म्हणून जाणे बरे नव्हे. दिवाळीच्या चार दिवसांतही गर्दी फार असते, म्हणून पहिल्या पत्रलेखिकेला माझी सूचना आहे की सहल नोव्हेंबरच्या उत्तरार्धातील एखाद्या शनिवारी ठेवावी. प्रार्थनेच्या जागी अंग झाकणारे कपडे असावेत आणि पायमोजे सोबत घ्यावेत, कारण दुपारी तापलेल्या दगडावर अनवाणी चालताना लहान मुले रडकुंडीला येतात. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. मोठ्या मुलांच्या वयाचा पुरावा जवळ ठेवावा. शहराचे नाव २०१४ पासून अधिकृतपणे विजयपुरा झाले असल्याने रस्त्यावरच्या पाट्यांवर तेच नाव शोधावे. दुकानांतून मराठी बहुतेक सगळीकडे समजते. रस्ता विचारताना एखादा कानडी शब्द वापरलात तर उत्तर हसून मिळते.

परतीला अंधार होईल हे धरूनच चालावे, पण फार उशीर करू नये. नोव्हेंबरात उसाचा हंगाम सुरू झालेला असतो आणि कारखान्यांकडे निघालेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून रस्त्याने सावकाश जात असतात. शेवटच्या ट्रॉलीला मागचा दिवा असेलच असे नाही. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात डोळे दिपले की पुढची ट्रॉली अगदी जवळ आल्यावरच दिसते. म्हणून इब्राहिम रोजाहून साडेपाचला निघावे, वेग बेताचा ठेवावा आणि गाडी चालवणाऱ्याने त्याआधी तेथल्या हौदाकाठच्या सावलीत अर्धा तास डोळे मिटून घ्यावेत. बाकीच्यांनी तोवर जाळीतली अक्षरे वाचण्याचा प्रयत्न करावा.